जळताना किती ऊर्जा निघते हे मोजतात कसं? पाणी, थर्मामीटर आणि बराचसा हिशोब

हायड्रोजनच्या गाड्यांची बातमी आली की त्यात एक वाक्य हमखास असतं, हायड्रोजनमध्ये पेट्रोलच्या तिप्पट ऊर्जा असते. आपण वाचतो आणि पुढे जातो. पण ही तिप्पट मोजली कुणी आणि कशाने? ज्योत काही तराजूत टाकता येत नाही, आणि असं एकही यंत्र नाही की जे एखाद्या पदार्थावर नुसतं रोखलं की आत किती किलोज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचं माप, किलोज्यूल म्हणजे हजार ज्यूल) आहेत ते सांगेल. खाण्याच्या पाकिटावर छापलेल्या कॅलरीचंही तेच, तो आकडा कुठून आला हे सहसा कुणी विचारतच नाही.

उत्तर ऐकलं की जरा निराशाच होते इतकं ते साधं आहे. पदार्थ जाळायचा, त्याची उष्णता पाण्याला द्यायची, पाणी किती तापलं ते बघायचं. झालं. खरी कटकट पुढे आहे, ती म्हणजे सगळी उष्णता पाण्यातच गेली, इकडेतिकडे सांडली नाही, हे कशावरून? या विषयातली जवळपास सगळी हुशारी या एका प्रश्नावर खर्च झाली आहे.

तापमान वेगळं आणि उष्णता वेगळी

हे आधी मिटवून टाकू, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. एक सुई लालबुंद होईपर्यंत तापवा आणि बादलीभर पाण्यात सोडा. चुर्र आवाज येईल आणि संपलं, पाण्यात हात घातलात तरी काही फरक कळणार नाही. सुईचं तापमान कितीतरी जास्त होतं, पण तिच्याकडे द्यायला उष्णताच फार नव्हती. उलट बादलीभर कोमट पाण्याचं तापमान कमी असलं तरी त्यात उष्णता भरपूर असते. तापमान म्हणजे पाण्याची पातळी किती उंच आहे आणि उष्णता म्हणजे एकूण पाणी किती आहे, असं समजा. उंच पण अरुंद नळी आणि बुटका पण भला मोठा हौद, पाणी कुठे जास्त?

तर नुसतं थर्मामीटर बघून उष्णता कळत नाही, 'हौद' किती मोठा आहे तेही माहीत लागतं. त्यासाठी एक शब्द शिकून घ्या, विशिष्ट उष्माधारकता. नाव बोजड आहे पण अर्थ सोपा, १ ग्रॅम पदार्थ १ अंश सेल्सिअसने तापवायला लागणारी उष्णता. पाण्यासाठी ती ४.१८ ज्यूल आहे, लोखंडासाठी साधारण ०.४५, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या लोखंडापेक्षा पाणी तापवायला नऊपट उष्णता लागते. पाणी भरपूर उष्णता पिऊनही फार तापत नाही, शिवाय त्याचा आकडा पक्का माहीत आहे, म्हणून ते मोजमापाला इतकं सोयीचं.

मग सूत्र हे: उष्णता = पाण्याचं वस्तुमान × ४.१८ × तापमानातली वाढ. आणि हे सगळं ज्या भांड्यात करतात त्याला कॅलरीमापी म्हणतात.

स्पिरिटचा दिवा आणि पाण्याचा डबा

शाळेच्या प्रयोगशाळेत हे करतात ते असं. तांब्याच्या पातळ डब्यात १०० ग्रॅम पाणी घ्यायचं, खाली इथेनॉल भरलेला दिवा. दिव्याचं वजन आधी करायचं, पाण्याचं तापमान बघायचं, पेटवायचं, पाणी सारखं ढवळत राहायचं, २० अंश वाढलं की दिवा विझवायचा. आणि हो, विझवल्यावरही पाणी थोडा वेळ तापत राहतं कारण डब्याचा तळ अजून गरम असतो, म्हणून जे सगळ्यात जास्त तापमान दिसेल ते लिहायचं. मग दिव्याचं परत वजन, जेवढं घटलं तेवढं इथेनॉल जळलं.

समजा ०.४६ ग्रॅम घटलं. हिशोब करू. १०० × ४.१८ × २० = ८३६० ज्यूल, म्हणजे ८.३६ किलोज्यूल. आता वेगवेगळ्या इंधनांची तुलना करायची तर एक ठरलेली 'थप्पी' लागते, तिला मोल म्हणतात. जसं डझन म्हटलं की १२, तसं मोल म्हटलं की रेणूंची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या. इथेनॉलचा एक मोल ४६ ग्रॅमचा असतो, म्हणजे आपण बरोब्बर एक शतांश मोल जाळला. तर एका मोलला ८३६ किलोज्यूल.

पुस्तकात बघाल तर इथेनॉलचा आकडा १३६७ आहे.

शाळेत माझंही असंच काहीतरी आलं होतं आणि मी घाईघाईने वहीत तापमानवाढ 'सुधारून' घेतली होती, कारण वाटलं आपलंच चुकलं. आता वाटतं ते ८३६ तसंच ठेवायला हवं होतं. कारण प्रयोग चुकलेला नसतो, निघालेल्या उष्णतेपैकी जवळपास ४० टक्के आपल्या हिशोबात आलेलीच नसते आणि ती कुठे गेली ते शोधणं हाच खरा प्रयोग असतो.

मग उरलेली उष्णता गेली कुठे?

पहिला संशयित डबा. पाण्याबरोबर डबाही २० अंश तापला की नाही? तांब्याची विशिष्ट उष्माधारकता ०.३८५, डबा ८० ग्रॅमचा धरला तर ८० × ०.३८५ × २० = ६१६ ज्यूल. हे मिळवून आपला आकडा ८९८ होतो. बरं झालं, पण अजून १३६७ लांबच आहे.

मोठा चोर म्हणजे हवा. ज्योतीच्या बाजूने हात नेऊन बघा (लांबून!), सगळीकडे गरम लागतं, डब्याला चाटून वर जाणारी गरम हवा तर सरळ छताकडे निघून जाते. त्यामुळे नुसता एक आडोसा उभा केला आणि डब्यावर झाकण ठेवलं तरी उत्तर लक्षणीय सुधारतं.

तिसरा जरा लपून असतो. डब्याच्या बुडाला काळी काजळी धरली असेल तर ती काजळी म्हणजे न जळलेला कार्बन, म्हणजे ते इंधन दिव्यातून तर गेलं पण पूर्ण जळलंच नाही. आणि चौथा, वातीवरून थोडं इथेनॉल नुसतंच उडून जातं, वजन घटतं पण उष्णता काहीच मिळत नाही. गंमत बघा, या सगळ्या चुका एकाच बाजूच्या आहेत, सगळ्या उत्तर कमीच करतात. म्हणून दहा वेळा प्रयोग करून सरासरी काढली तरी काही उपयोग नाही, सरासरीसुद्धा कमीच येणार. सरासरीने इकडेतिकडे होणाऱ्या चुका कमी होतात, एकाच दिशेने होणारी गळती नाही.

बर्फात बसवलेला गिनी पिग

गळती थांबवण्याची एक भन्नाट युक्ती फ्रान्समध्ये लव्हाझिए आणि लाप्लास या दोघांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात वापरली. त्यांनी एकात एक असे तीन कप्पे असलेलं भांडं केलं. सगळ्यात आतल्या कप्प्यात जळणारी किंवा गरम वस्तू, मधल्यात बर्फ, बाहेरच्यातही बर्फ. बाहेरचा बर्फ खोलीतली उष्णता आत येऊ देत नाही, ती तोच पितो आणि वितळतो. मधला बर्फ फक्त आतल्या उष्णतेने वितळतो, आणि त्याचं पाणी खालून गोळा करून तोलायचं. वितळता बर्फ शून्य अंशावरच राहतो त्यामुळे थर्मामीटर वाचायची गरजच नाही. १ ग्रॅम बर्फ वितळायला आजच्या एककात ३३४ ज्यूल लागतात, तर पाण्याच्या वजनावरून उष्णता कळते.

त्यांनी त्यात कोळसा जाळला आणि नंतर एक गिनी पिगसुद्धा बसवला. प्राण्याने किती बर्फ वितळवला आणि श्वासातून किती कार्बन डायऑक्साइड सोडला याची कोळशाच्या आकड्यांशी तुलना केली आणि निष्कर्ष काढला की श्वसन म्हणजे एक प्रकारचं संथ ज्वलन. आकडे तंतोतंत जुळले नव्हते पण दिशा बरोबर होती.

बॉम्ब, पण न फुटणारा

आज वापरतात तो बॉम्ब कॅलरीमापी, ज्याचं नाव ऐकून लोक दचकतात. हे तंत्र एकोणिसाव्या शतकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो यांनी पुढे आणलं. जाड पोलादाचं घट्ट बंद भांडं, त्यात छोट्या वाटीत तोललेला पदार्थ आणि आत शुद्ध ऑक्सिजन साधारण ३० वातावरण दाबाने, म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाच्या तीसपट, भरलेला. दाब इतका असल्यामुळे काजळी वगैरे भानगडच नाही, सगळं पूर्ण जळतं. पेटवायला आतून एक बारीक तार, तिच्यातून वीज सोडली की झालं. आणि हे अख्खं भांडं पाण्यात बुडवलेलं. म्हणजे पाण्याखाली ज्योत ठेवण्याऐवजी ज्योतच पाण्याच्या पोटात ठेवली, आता उष्णता पळणार कुठे?

पण मग पोलाद, ढवळणी, थर्मामीटर, सगळंच तापतं, प्रत्येकाचा हिशोब कोण करत बसणार? इथली युक्ती मला सगळ्यात आवडते, हिशोब करायचाच नाही. ज्याची उष्णता अगदी पक्की माहीत आहे असा पदार्थ आधी जाळायचा. त्यासाठी बेंझॉइक ॲसिड वापरतात, १ ग्रॅमला २६.४३ किलोज्यूल. समजा ते जाळून तापमान २.६४ अंश वाढलं, तर २६.४३ ला २.६४ ने भागा, साधारण १०.०१. म्हणजे हे अख्खं यंत्र १ अंश तापायला १०.०१ किलोज्यूल घेतं, मग आत काय काय आहे याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. माहीत असलेलं वजन ठेवून काट्याची खात्री करून घेतो ना, तसंच.

आता त्याच यंत्रात १ ग्रॅम साखर जाळली आणि तापमान १.६५ अंश वाढलं. १.६५ × १०.०१ = १६.५ किलोज्यूल. साखरेचा मोल ३४२ ग्रॅमचा, म्हणजे मोलला साधारण ५६४० किलोज्यूल. पुस्तकातला आकडाही त्याच्या अगदी जवळ आहे.

बारकावे अजून आहेत, पेटवायची तार स्वतः जळते तिची उष्णता वजा करायची, वगैरे. एक मात्र सांगण्यासारखा. बॉम्ब बंद असतो त्यामुळे वायूंना फुगायला जागा नसते, उघड्यावर जाळलं तर वायू आजूबाजूच्या हवेला ढकलतात किंवा हवा त्यांना दाबते, आणि त्या ढकलाढकलीची ऊर्जाही हिशोबात येते. इथेनॉल जळताना वायूचे ३ मोल जातात आणि २ तयार होतात, म्हणून दोन आकड्यांत फरक पडतो मोलला अडीच किलोज्यूलचा. १३६७ मध्ये अडीच. साखरेत १२ जातात १२ येतात, फरक शून्य.

पुस्तकात उणे का लिहितात?

'उणे १३६७' असं लिहिलेलं असतं ते बघून पोरं गांगरतात, उणे उष्णता म्हणजे थंडी का? तसं नाही. हिशोब इंधनाच्या खात्याचा आहे, त्याच्या खात्यातून गेली म्हणून उणे, आणि तीच पाण्याच्या खात्यात अधिक. एवढंच.

'पण बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते ना?'

नाही. हा गैरसमज इतका पक्का बसलाय की भलेभले असंच बोलतात, म्हणून जरा थांबून बघू. बंध म्हणजे रेणूतल्या अणूंना एकमेकांशी बांधून ठेवणारी जोड.

दोन लोहचुंबक एकमेकांना चिकटलेत. ओढून वेगळे करायला जोर कोण लावतं? आपण. आणि परत जवळ आणले की टक्कन आपोआप चिकटतात, तो आवाज, ती टक्कर, ही बाहेर पडलेली ऊर्जा. अणूंचंही तसंच, बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते आणि बंध जुळताना ती मिळते. जळताना दोन्ही गोष्टी होतात, जुने बंध तुटतात आणि नवे जुळतात, आणि नव्यांतून मिळालेली जुन्यांवर खर्च केलेल्यापेक्षा जास्त असते म्हणून शिल्लक उरते.

मिथेनवर करून बघू. मिथेनचा एक रेणू आणि ऑक्सिजनचे दोन. तोडायचे आहेत कार्बन-हायड्रोजनचे ४ बंध, प्रत्येकी ४१३ (सगळे आकडे मोलमागे किलोज्यूल), आणि ऑक्सिजनचे २ दुहेरी बंध, प्रत्येकी ४९८. एकूण खर्च २६४८ किलोज्यूल. तयार होतात कार्बन-ऑक्सिजनचे २ दुहेरी बंध प्रत्येकी ८०५ चे आणि ऑक्सिजन-हायड्रोजनचे ४, प्रत्येकी ४६३. एकूण जमा ३४६२. शिल्लक ८१४.

मोजलेला आकडा ८०२ आहे. थोडा फरक येतो कारण ४१३ वगैरे आकडे अनेक रेणूंची सरासरी काढून ठरवलेले असतात, अमुक एका रेणूतला बंध किंचित इकडेतिकडे असतो. कागदावर बसून इतकं जवळ येतं हेच मला भारी वाटतं.

या हिशोबात नीट बघितलंत तर एक गोष्ट दिसेल. ऑक्सिजनचा दुहेरी बंध कार्बन डायऑक्साइडमधल्या दुहेरी बंधापुढे फारच कच्चा आहे, ४९८ कुठे आणि ८०५ कुठे. म्हणजे 'इंधनात ऊर्जा भरलेली असते' हे बोलायला ठीक, पण खरं म्हणजे ती इंधन आणि ऑक्सिजनच्या जोडीत असते. ऑक्सिजनचं नाव कुणी घेत नाही कारण तो हवेतून फुकट मिळतो.

मग हवेत ऑक्सिजन आहे आणि लाकूडही समोर पडलंय, ते आपोआप का पेटत नाही? कारण आधी खर्च, मग जमा. सुरुवातीचे काही बंध तोडायला काडीची ज्योत भांडवल देते, पुढे आग स्वतःच्या कमाईवर चालते. आणि कमाई किती आणि ती किती वेगात होते हे दोन वेगळे प्रश्न. टीएनटी हे स्फोटक फुटताना ग्रॅममागे साधारण ४ किलोज्यूल देतं, वाळलेलं लाकूड जळताना १५ च्या वर. पण टीएनटीच्या रेणूतच ऑक्सिजनचे अणू असतात, हवेची वाट बघावी लागत नाही, म्हणून जी ऊर्जा लाकूड कितीतरी मिनिटं देत बसतं ती ते क्षणाच्या बारीकशा तुकड्यात मोकळी करतं. कॅलरीमापी फक्त 'किती' सांगतो, 'किती वेगात' नाही.

जे नीट जाळताच येत नाही त्याचं काय?

कार्बन अर्धवट जळला तर कार्बन मोनॉक्साइड होतो. त्यात किती उष्णता निघते हे थेट मोजणं अवघड, कारण काही भाग मोनॉक्साइड होतो आणि काही पुढे जाऊन डायऑक्साइड. इथे १८४० मध्ये रसायनशास्त्रज्ञ हेस यांनी मांडलेला नियम कामी येतो, सुरुवात आणि शेवट तेच असतील तर वाट कुठलीही असो, एकूण ऊर्जा तेवढीच. तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर जिन्याने जा नाहीतर लिफ्टने, चढलेली उंची तीच.

कार्बनपासून थेट डायऑक्साइड, ३९३.५ किलोज्यूल. मोनॉक्साइडपासून डायऑक्साइड, २८३. दोन्ही मोजता येतात. वजाबाकी केली की कार्बन ते मोनॉक्साइड ११०.५. जे मोजता येत नव्हतं ते मिळालं. आणि यातूनच कळतं की हवा कमी पडली तर नुकसान किती, ३९३.५ च्या जागी ११०.५ पदरात पडतात आणि वर विषारी वायू.

खाण्याच्या कॅलरी: शरीर म्हणजे बॉम्ब नव्हे

पाकिटावरची 'कॅलरी' खरं तर किलोकॅलरी असते, ४.१८४ किलोज्यूल. अन्न वाळवून बॉम्बमध्ये जाळता येतं आणि आकडाही मिळतो, पण तो जसाच्या तसा आपल्याला लागू होत नाही. कागद बॉम्बमध्ये मस्त जळतो, आपण खाल्ला तर काही मिळणार नाही, सेल्युलोज आपल्याला पचतच नाही. प्रथिनं बॉम्बमध्ये ग्रॅमला साधारण ५.६५ किलोकॅलरी देतात, पण शरीर ती पूर्ण जाळत नाही, नायट्रोजनचा भाग युरियाच्या रूपात बाहेर टाकतं आणि त्याबरोबर थोडी ऊर्जाही जाते.

अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ ॲटवॉटर यांनी १८९० च्या दशकात हे सगळं खोलात जाऊन तपासलं. त्यांनी तर माणूस आत राहू शकेल एवढा खोलीवजा कॅलरीमापी केला, आतला माणूस खातोय, झोपतोय, व्यायाम करतोय आणि बाहेर त्याच्या उष्णतेचा हिशोब चाललाय. त्यांच्याच कामातून आलेले आकडे आजही वापरात आहेत, ग्रॅमला किलोकॅलरी अशा हिशोबाने: कर्बोदकं ४, प्रथिनं ४, स्निग्ध पदार्थ ९. त्यामुळे पाकिटावरचा आकडा बहुतेक वेळा काही जाळून आलेला नसतो, घटकांच्या ग्रॅमला या आकड्यांनी गुणून बेरीज केलेली असते.

एकाच इंधनाचे दोन आकडे, आणि १०० च्या वरचे टक्के

वर मिथेनचा आकडा मी ८०२ सांगितला, पण शोधायला गेलात तर बऱ्याच ठिकाणी ८९० सापडेल. दोन्ही बरोबर आहेत. जळताना पाणी तयार होतं, ते वाफ म्हणून निघून गेलं तर ८०२, आणि त्या वाफेचं परत पाणी करून तिची उष्णताही काढून घेतली तर ८९०. पाण्याच्या एका मोलमागे ४४ किलोज्यूल, मिथेनच्या एका मोलातून पाण्याचे २ मोल होतात, ८८ चा फरक, अगदी चोख. बॉम्बमध्ये वाफ आतच थंड होते म्हणून तिथे मोठा आकडा मिळतो, गाडीच्या धुरात मात्र ती निघून जाते.

हायड्रोजनमध्ये तर पाण्याशिवाय दुसरं काही तयारच होत नाही, म्हणून हा फरक तिथे फार जाणवतो, ग्रॅमला १४२ किलोज्यूल किंवा १२०. पेट्रोलचे ४६-४७ किंवा ४३-४४. म्हणजे तिप्पट हे दोन्हीकडून साधारण खरंच आहे, फक्त ते वजनामागे आहे. आकारमानामागे बघाल तर नेहमीच्या दाबाला १ लिटर हायड्रोजन वायूत जेमतेम १२ किलोज्यूल असतात आणि १ लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३४ हजार. गाड्यांमध्ये तो प्रचंड दाबाने कोंबावा लागतो तो यासाठीच, आणि बातमीत 'तिप्पट' दिसलं की ग्रॅममागे की लिटरमागे एवढं विचारायचं. इथेनॉलचंही असंच, लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून पेट्रोलमध्ये ते मिसळलं की तेवढ्याच अंतराला इंधन थोडं जास्त लागू शकतं.

आणि कधी गॅसवर चालणाऱ्या बॉयलरच्या माहितीत '१०५ टक्के कार्यक्षमता' असं दिसलं तर लगेच थापा म्हणू नका. तो बॉयलर धुरातली वाफ थंड करून तिचीही उष्णता काढून घेतो, पण टक्केवारी काढताना भागायला मात्र ८०२ वालाच छोटा आकडा घेतलेला असतो. ८९० ने भागून बघा, गाडी शंभरच्या आत येते.